सात वर्षांचा गीझर आणि अर्धी बादली क्षार

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशिकलाही पहाटे नळाखाली हात धरवत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात आमचा गीझर बसला. बटण दाबलं की ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. त्याआधी महिनाभर आतून खदखद आवाज येत होता, पण मी लक्ष दिलं नव्हतं.

कंपनीचा माणूस आला आणि झाकणही न उघडता म्हणाला, "मॅडम, सात वर्षं झाली ना? लाइफ संपलं. नवीनच घ्या." काही पटेना. मग पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं.

त्यांनी मेन बंद करून पाणी काढलं, खालचे नट सोडवले आणि कॉइल ओढली. त्याबरोबर पांढरे खडे धडाधडा बादलीत पडले. अर्धी बादली भरली! कॉइलवर क्षारांचं जाड कवच होतं. त्याखाली उष्णता कोंडून कॉइलचं आवरण तडकलं होतं आणि करंट पाण्यात उतरत होता. ईएलसीबी बिचारा त्याचं काम करत होता, आणि आम्ही त्यालाच शिव्या घालत होतो.

"आणि हा बघा ताई तुमचा रॉड." त्यांच्या हातात नुसती गंजकी तार होती. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो स्वतः झिजतो म्हणून टाकीचं लोखंड वाचतं, हे मला सात वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. टाकी मात्र शाबूत होती. आणखी एखादं वर्ष गेलं असतं तर तीच गळली असती, आणि गळक्या टाकीला इलाज नाही.

गंगापूर रोडला बहिणीकडे हाच गीझर आहे, आमच्याबरोबरच घेतलेला. तिचा रॉड अजून निम्मा शिल्लक निघाला. तिच्याकडे महापालिकेचं पाणी, आमच्याकडे वापरायला बोअरचं. फरक एवढाच.

आजीचा तांब्याचा बंब आठवला. गळला की तांबट लेनमध्ये नेऊन डाग द्यायचा, सणाआधी चिंचेने घासायचा. गीझर मात्र भिंतीवर चढवला की आपण विसरतो.

नवी कॉइल, रॉड, गॅस्केट, मजुरी धरून सतराशे रुपये झाले. दादांनी तापमान 75 वरून 60 वर आणलं; पाणी जास्त तापलं की क्षारही जास्त बसतात म्हणे. गीझरवर मार्करने तारीख लिहिलीय. ती बघून सासूबाई म्हणाल्या, "आता याचाही वाढदिवस का?"