समुद्राचं बुलेटिन: वाऱ्याबरोबर लाटेचे सेकंदही बघा

अरबी समुद्रात काही शिजतंय म्हटलं की लोक विंडी हे हवामानाचं ॲप उघडून रंग बघत बसतात. लाल कुठवर आला, जांभळा कुठे सरकला. त्याच वेळी हवामान खात्याचं किनारी बुलेटिन चार ओळींत कामाचं सगळं सांगून मोकळं झालेलं असतं. ते नीट वाचायला फार काही लागत नाही, फक्त त्यातल्या प्रत्येक शब्दामागचा आकडा माहीत हवा.

आधी आपलं बुलेटिन कुठलं ते ठरवा. किनाऱ्यापासून साधारण ७५ किमीपर्यंतचं पाणी किनारी बुलेटिनमध्ये येतं, त्यापलीकडचं सागरी क्षेत्राच्या बुलेटिनमध्ये. रत्नागिरी-मालवणसमोरचा खोल समुद्र म्हणजे ‘पूर्व-मध्य अरबी समुद्र’. ‘ईशान्य अरबी समुद्र’ म्हणजे सौराष्ट्र-कच्छची बाजू. मग वेळ बघा. इंग्रजी बुलेटिनवर बहुतेक वेळा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ०३०० म्हणजे आपले सकाळचे साडेआठ आणि १२०० म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. व्हॉट्सॲपवर फिरणारा नकाशा पुष्कळदा कालचा असतो, हे त्या कोपऱ्यातल्या वेळेवरूनच कळतं.

वाऱ्याच्या आकड्यात दोन घोळ होतात. एक एककाचा: ४० नॉट म्हणजे ताशी ७४ किमी, ४० किमी नव्हे. दुसरा झोताचा, म्हणजे मधेच येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा. ‘ताशी ४५ ते ५५, झोत ६५ किमी’ हे वाक्य मच्छीमारांच्या इशाऱ्यात नेहमी दिसतं, आणि वाचणारा पंचेचाळीस लक्षात ठेवतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ६५ चा झोत ४५ च्या वाऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त रेटा देतो. नांगराचा दोर आणि ताडपत्री यांचा हिशेब झोतावर करायचा. आणखी एक, आपलं खातं वादळाचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीने सांगतं, तर अमेरिकी लष्कराचं केंद्र एका मिनिटाच्या, आणि कमी वेळाची सरासरी मोठी येते. एकाच वादळाचा आकडा परदेशी साइटवर मोठा दिसला तर आपल्या खात्याने काही लपवलं असं समजू नका.

आता लाट. ‘समुद्र खवळलेला’ म्हणजे अडीच ते चार मीटर, ‘फार खवळलेला’ म्हणजे चार ते सहा. पण ही उंची सगळ्यात मोठ्या लाटेची नसते. येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. तीन मीटर सांगितलं असेल तर अधूनमधून पाच-सहा मीटरची एखादी लाट येणारच. त्यात अंदाज चुकला असं काही नाही.

माझ्या मते खरी किल्ली पुढच्या आकड्यात आहे आणि तोच कोणी बघत नाही: कालावधी, म्हणजे दोन शिखरांमधले सेकंद. समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या अंदाजात उंचीबरोबर तो दिलेला असतो. सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणलं की खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. आठ सेकंदांची लाट १०० मीटर लांब, सोळा सेकंदांची ४०० मीटर. लाटेला तिच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर तळ जाणवू लागतो. म्हणजे पहिली ५० मीटर पाण्यात जागी होते, दुसरी २०० मीटरपासूनच. उंची दोघींची दीड मीटर असली तरी दुसरी किनाऱ्याकडे दुप्पट ऊर्जा आणते आणि उथळात येऊन अचानक उभी राहते.

ही लांब लाट, म्हणजे स्वेल, इथल्या वाऱ्याची नसतेच. दक्षिण हिंदी महासागरात चाळीस अंश दक्षिणेच्या आसपास वादळं होतात, तिथून निघालेली अठरा सेकंदांची स्वेल ताशी सुमारे ५० किमीने सरकत चार-पाच दिवसांत केरळ गाठते. वर निरभ्र आकाश, पान हलत नाही, आणि पाणी घरात. तिकडे त्याला कल्लक्कडल म्हणतात. कोकणात त्याचा जोर कमी असतो, पण उधाणाच्या भरतीशी गाठ पडली तर बंधाऱ्यावरून पाणी यायला तेवढं पुरतं.

छोट्या होडीला सगळ्यात जास्त धोका खाडीच्या तोंडाशी. तिथे वाळू साचून पाणी उथळ झालेलं असतं. ओहोटीचा प्रवाह बाहेर धावतो, स्वेल आत येते. समोरून प्रवाह आला की लाटेची लांबी आखडते, उंची वाढते आणि ती फुटते. म्हणून कालावधी बारा सेकंदांच्या वर असेल तर भर ओहोटीत आत शिरू नये. बाहेर खोल पाण्यात थांबून भरती भरत आल्यावर यावं. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत प्रवाह मंद असतो, उधाणात तीच जागा वेगळी वागते.

वादळाच्या नकाशावर मधली रेघ बघून ‘आपल्याकडे नाही’ म्हणणं ही जुनी खोड. चोवीस तासांच्या अंदाजातही केंद्र सरासरी सत्तर-ऐंशी किमी इकडेतिकडे होतं. रेघेभोवतीचा सुळका त्यासाठीच काढलेला असतो. शिवाय वारा केंद्रापुरता नसतो. आपल्या गोलार्धात वादळ ज्या दिशेने जातं त्याच्या उजव्या हाताला वारा जास्त, कारण फिरणाऱ्या वाऱ्यात वादळाचा स्वतःचा वेग मिसळतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ ईशान्येकडे सरकत श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात आदळलं, तेव्हा उजवीकडे मंडणगड-दापोली होती आणि डावीकडे मुंबई. दापोलीकडच्या नारळी-पोफळी झोपल्या, मुंबई बरीचशी सुटली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ उत्तरेला गुजरातकडे गेलं, महाराष्ट्रात जमिनीवर आलंच नाही. पण आख्खा कोकण त्याच्या उजव्या हाताला होता आणि बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ ही कामगारांची बार्ज बुडाली.

समुद्रात मोबाइलची रेंज गेली की वाऱ्याला पाठ द्या. कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला, जरासं पुढे असतं. होडी एका जागी ठेवून वाऱ्याची दिशा टिपत राहा. दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरली तर तुम्ही उजव्या, वाईट अर्ध्यात आहात. उलटी फिरली तर डाव्या. दिशा बदलत नाही, वारा वाढतोय आणि दाब उतरतोय, तर केंद्र सरळ अंगावर येतंय.

बंदरात लावला जाणारा इशाऱ्याचा बावटाही याच भाषेत बोलतो. एक आणि दोन नंबर दूरच्या समुद्राबद्दल असतात, तीनपासून पुढचे तुमच्याच बंदराबद्दल. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. अकरा नंबर म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटलाय. तो लागला तर पुढच्या बुलेटिनची वाट बघू नका, दोर दुप्पट करा आणि माणसं उतरवा.