तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीपीएनचा कुठला प्रोटोकॉल ठेवू?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा मेसेज येतोच, स्क्रीनशॉटसकट. व्हीपीएन ॲपचं सेटिंग उघडलेलं, त्यात ओपनव्हीपीएन यूडीपी, ओपनव्हीपीएन टीसीपी, आयकेईव्हीटू, वायरगार्ड अशी यादी आणि खाली प्रश्न, "दादा, यातलं सगळ्यात सेफ कुठलं?" मी छोट्या ऑफिसांची नेटवर्क सांभाळतो, सीए, ट्रान्सपोर्टवाले, एक-दोन दवाखाने, त्यामुळे लोकांना वाटतं याला माहीत असणार. दरवेळी नव्याने टाइप करून कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. व्हीपीएन म्हणजे तुमच्या मशीनपासून दुसऱ्या टोकाच्या सर्व्हरपर्यंतचा एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) बोगदा, आणि प्रोटोकॉल म्हणजे तो बोगदा बांधायची पद्धत.

तर यादीत हीच नावं असतील तर सेफचं टेन्शन सोडा. सेटिंग धड केलेलं असेल तर यातल्या कुठल्याच्या एन्क्रिप्शनमुळे तुमचं नुकसान होणार नाहीये. फरक पडतो तो कुठल्या नेटवर्कवर काय अडतं, काय तुटतं आणि सेट करणारा कुठे माती खातो यात.

घाबरायचं ते पीपीटीपी या जुन्या प्रोटोकॉलला. हसू नका, अजून सापडतं. एका सीएंच्या ऑफिसात राउटरवर कुणीतरी कधीकाळी लावून ठेवलेलं, आणि मी म्हटलं काढूया तर साहेब म्हणाले, चालतंय ना, कशाला हात लावता. आता हे मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने आलेलं नव्वदच्या दशकातलं काम, आणि २०१२ मध्ये डेफ कॉन या हॅकर परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की त्याचं लॉगिन पकडलं की शेवटी फक्त एक ५६ बिटांची डीईएस की (जुन्या एन्क्रिप्शनची छोटी किल्ली) शोधायची उरते, ती एका दिवसात निघते. म्हणजे पासवर्ड आठ अक्षरी ठेवा नाहीतर अख्खं अथर्वशीर्ष टाइप करा, सारखंच. हे सगळं साहेबांना समजावून झालं, ढिम्म हलले नाहीत. मग त्यांनी नवीन आयफोन घेतला आणि त्यावर पीपीटीपी जोडायची सोयच दिसेना (ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० पासूनच काढून टाकलंय), तेव्हा लगेच फोन, "अहो, ते तुमचं नवीन काय ते करून टाका."

एलटूटीपी या दुसऱ्या जुन्या प्रोटोकॉलबद्दल फार बोलत नाही. ते स्वतः काहीच एन्क्रिप्ट करत नाही, ते काम जोडीला लावलेलं आयपीसेक करतं, आणि बहुतेक ऑफिसांत त्याची एकच सामाईक की अख्ख्या स्टाफला माहीत असते, सोडून गेलेल्यांसकट.

ओपनव्हीपीएन मात्र मला आवडतं, म्हातारं असलं तरी. जेम्स योनन नावाचा माणूस मध्य आशियात फिरत फिरत काम करत होता, आपला डेटा मधल्या कुठल्या कुठल्या नेटवर्कांतून जातोय या काळजीपोटी त्याने ते लिहायला घेतलं, २००१ मध्ये बाहेर आलं. एरवी यूडीपी ११९४ वर चालतं (यूडीपी पॅकेट पाठवून मोकळं होतं, टीसीपी ते पोचल्याची खात्री करतं; आकडा म्हणजे पोर्ट, दाराचा नंबर), पण वेळ पडली तर टीसीपी ४४३ वर बसवता येतं, म्हणजे साध्या वेबसाइटचं ट्रॅफिक जातं त्याच दारातून. गेल्या वर्षी लग्नाला गेलो होतो, लॉजच्या वायफायवर वेबसाइटी सोडून सगळं बंद, वायरगार्ड नुसतं गोल गोल फिरत बसलं, हे टीसीपीवालं पहिल्या झटक्यात जोडलं. हळू चालतं पण. कारण आत टीसीपी, बाहेर टीसीपी, एक पॅकेट हरवलं की दोघंही आपापल्या परीने "परत पाठव, परत पाठव" करत बसतात आणि सगळंच तुंबतं. म्हणून टीसीपी हे अडीनडीला, रोजच्याला नाही.

आयकेईव्हीटूचा फायदा म्हणजे विंडोज, आयफोन, मॅकमध्ये आधीपासूनच असतं, ॲप टाकायला नको. आणि मोबाइक नावाची सोय चालू असेल तर घरचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलात तरी कनेक्शन धरून ठेवतं. चालू शकतं, घ्या बिनधास्त.

मी स्वतः वायरगार्ड लावतो. जेसन डोनेनफेल्डचं काम, गाभा जेमतेम चार हजार ओळींचा, मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नल ५.६ मध्ये थेट आत गेलं. यात एन्क्रिप्शन कुठलं हे निवडायची सोयच ठेवलेली नाही, चाचा२० म्हणजे चाचा२०, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात मोठी सोय, कारण जुन्या सिस्टिममध्ये कुणीतरी हमखास कमकुवत पर्याय टिकमार्क करून ठेवलेला असतो. ज्याच्याकडे की नाही त्याला सर्व्हर उत्तरच देत नाही, दार आहे हेच कळत नाही. यूझरनेम-पासवर्ड नाही, प्रत्येक मशीनची आपली की, माणूस सोडून गेला की त्याची एक नोंद उडवायची, संपलं. फक्त यूडीपीवर चालतं, म्हणून लॉजवर अडलं, तेवढं सोसायचं.

पण एक गंमत सांगतो. एका ऑफिसची अकाउंटंट ताई घरून टॅली चालवणार होती. वायरगार्ड लावलं, हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख) झालेला दिसतोय, सर्व्हरला पिंग केलं (आहेस का, अशी हाक) तर उत्तरही येतंय, पण टॅली उघडेना. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र झकास. दोन तास मी आपला फायरवॉल, पोर्ट, की सगळं उपसतोय. शेवटी ट्यूब पेटली, ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्यांचं आणि तिच्या घरचंही १९२.१६८.१ चंच! ऑफिसच्या सर्व्हरचा जो आयपी, तोच घरच्या टीव्हीला मिळालेला, आणि इतका वेळ पिंगला उत्तर देत होता तो टीव्ही. यात वायरगार्डचा दोष नाही, दुसरं काही लावलं असतं तरी हेच झालं असतं. मग पुढचा रविवार घालवून अख्ख्या ऑफिसचे आयपी १०.७७ वर नेले, प्रिंटरसकट, आणि प्रिंटरने जो त्रास दिला तो वेगळा लेख आहे.

अजून एक, जे कुणी विचारतच नाही. विकतचं व्हीपीएन घेतलंत की तुमचा इंटरनेटवाला जे बघत होता ते आता ती कंपनी बघणार, प्रोटोकॉल कुठलाही असो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये अशा कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर बऱ्याच परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. ऑफिसच्या आतल्या व्हीपीएनला हा नियम नाही. त्यामुळे नेटबँकिंग सेफ व्हावं एवढ्यासाठी फुकटचं व्हीपीएन टाकत असाल तर राहू द्या, बँकेची साइट आधीच एन्क्रिप्टेड असते.

बाकी ॲपमध्ये वायरगार्ड दिसलं तर तेच ठेवा, हॉटेलात अडलं तर ओपनव्हीपीएन टीसीपी. आणि आज ऑफिसला गेलात की राउटरचं पान उघडून व्हीपीएनच्या खाली काय लिहिलंय ते बघा. पीपीटीपी निघालं तर फोन करा, मेसेज नको.