थंडीभर पडून राहिलेला लॉनमोवर

अमेरिकेत एप्रिलमध्ये दोरी ओढून खांदा दुखला तरी मोवर (गवत कापायचं यंत्र) सुरू होत नसेल, तर पहिला संशय शिळ्या पेट्रोलवर घ्यावा. तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. शिवाय शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, बारीक जेटमध्ये (पेट्रोल जाण्याच्या छिद्रात) बसतो. टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरची वाटी उघडून क्लीनर मारा.

पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढाच. मोवर आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं. पातं लाकडी ठोकळ्याने अडवून बोल्ट सोडवा आणि मूळ कोनातच, साधारण 30 अंशांत, कानस चालवा. वस्तऱ्यासारखी धार नको. दगड लागला की उडते. मग पातं खिळ्यावर अडकवून बघा, जी बाजू झुकेल ती आणखी घासा. हा कंटाळा केला की मोवर थरथरतो आणि बेअरिंगची वाट लागते. बसवताना पात्याची वळलेली टोकं वर.

कागदी एअर फिल्टर धुऊ नका, सरळ बदला. ऑइल एसएई 30 (हा ऑइलच्या दाटपणाचा क्रमांक), ढकलायच्या मोवरला साधारण अर्धा लिटर. पण डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) सांगेल तेवढंच. जास्त झालं तर पांढरा धूर निघतो.