आमची वाटचाल : नौपाड्याचा गाळा ते मुन्नार

लोक विचारतात, सहली काढायला केरळच का. कारण 2006 ला आमची पहिली बॅच गेली तीच मुन्नारला, नीलकुरिंजी बघायला. बारा वर्षांतून एकदा फुलते ती, मुन्नारजवळच्या राजमलाचा अख्खा उतार निळाजांभळा होतो. तेव्हा आमच्याकडे काय होतं, तर ठाण्याच्या नौपाड्यात छोटासा गाळा, एक टेबल, कार्बन घालायचं पावतीबुक आणि बुकिंग केलेली 17 माणसं. ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेस पकडली, आचारी सोबत, त्याची परात सीटखाली. त्यात एक काकू होत्या, शाळेतून नुकत्याच रिटायर झालेल्या. परतताना म्हणाल्या, "2018 ला मला परत न्यायचं हं, विसरशील." मी डायरीत लिहिलं आणि दरवर्षी नवीन डायरीत ती ओळ उतरवत गेलो.

मधली वर्षं चांगली गेली.

2018 ला पाच बॅच फुल, 140 पॅक्स, म्हणजे प्रवासी. हॉटेलं ब्लॉक केलेली, हाउसबोटींना निम्मे पैसे पोचलेले. 9 ऑगस्टला इडुक्कीला चेरुथोनी धरणाचे दरवाजे उघडले, 26 वर्षांनी, तेव्हाच पोटात गोळा आला. 15 तारखेला कोची विमानतळ पुराच्या पाण्यामुळे बंद झाला तो 29 ला सुरू झाला, आणि आमची पहिली बॅच होती 18 तारखेची. आमच्या तिकडच्या गाडीवाल्याचं घर आलुव्याला, पेरियारचं पाणी घरात शिरलेलं, माणूस गच्चीवरून फोन करून विचारतोय, तुमची माणसं निघाली नाहीत ना? त्याच्याकडे ॲडव्हान्स कुठल्या तोंडानं मागणार, नाहीच मागितला. इथे मात्र एकेकाचे पूर्ण पैसे परत केले. टेम्पो ट्रॅव्हलर विकली, बायकोच्या बांगड्या गेल्या, शेवटचा चेक द्यायला डिसेंबर उजाडला.

आणि हे चालू असताना आमच्याकडेच तीन वर्षं काम शिकलेला एक जण, दोन गल्ल्या सोडून ऑफिस टाकलेला, आमच्या रूमिंग लिस्टवरचे, म्हणजे कोण कुठल्या खोलीत त्या यादीवरचे, नंबर नेलेले, तो लोकांना फोन करून सांगत होता की हे बुडाले, लवकर पैसे काढून घ्या. स्वतः काय दिलं त्याने? पैसे नाहीत, क्रेडिट नोट, म्हणजे पुढच्या टूरमध्ये वळते करायची चिठ्ठी, तीही सहा महिन्यांची मुदत घालून. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

काकूंकडे पैसे घेऊन गेलो तर घेईनात. म्हणाल्या, "अरे मी फुलांचे पैसे दिलेत, फुलं दाखव मग हिशोब करू." रस्ते सुरू झाल्यावर ऑक्टोबरमध्ये आठ जण गेलो, पुन्हा नेत्रावतीनेच. फुलं होती पण तुरळक, 2006 सारखी नाही. काकूंना धाप लागली, दगडावर बसल्या आणि शेजारचा एक झुपका न तोडता बोटांनी वर उचलून कितीतरी वेळ बघत राहिल्या. आमचा धंदा तिथून परत उभा राहिला असं मी मानतो.

नवीन टूरवाल्यांनो, एक सांगतो. हाउसबोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लावावीच लागते, रात्री मच्छीमारांची जाळी असतात, हे बुकिंग घेतानाच सांगा, रात्रभर फिरवतो म्हणून पैसे घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चला राजमला ज्यात येतं ते इराविकुलम पार्क ताहर या डोंगरी बकऱ्यांच्या विणीसाठी बंद असतं, तेव्हा मुन्नारची बॅच लावून लोकांना गेटवरून परत आणू नका. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, ते बघितल्याशिवाय पुढची गाडी ठरवू नका.

परवा त्या नंबर नेणाऱ्या माणसाचं नवीन पत्रक पेपरातून आलं, 2030 च्या कुरिंजीचं बुकिंग आत्तापासून. त्या पत्रकावर जो फोटो छापलाय तो काकूंनी 2006 ला रोलच्या कॅमेऱ्यात काढलेला. डाव्या कोपऱ्यात छत्रीची काडी आलीये, निळ्या दोऱ्याने बांधलेली, ती छत्री काकूंची आणि त्यांच्या डोक्यावर मीच धरली होती. निगेटिव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला बघायची असेल तर अकरानंतर गाळ्यावर या.