बायकोला महागातला सूट, नवऱ्याला अर्ध्या किमतीचा

इंग्लंडात सरे परगण्यातल्या एका ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीच्या) दुकानात मी वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात पोहायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, बसवून देण्याचं काम करतो. दुकानाच्या मागच्या बाजूला प्रवाह सोडता येणारी छोटी टाकी आहे. गिऱ्हाईक एका जागी पोहतं आणि पाण्याखालच्या कॅमेऱ्यातून मी त्याचं अंग पाण्यात कसं पडतंय ते बघतो. गेल्या उन्हाळ्यात रेडिंगहून एक मराठी जोडपं आलं. वेल्समधल्या टेन्बीच्या आयर्नमॅनला, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला, दोघांनी नाव नोंदवलेलं. समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचं, सप्टेंबरात पाणी १६-१७ अंशांच्या आसपास. भिंतीवरचा सगळ्यात महाग, सहाशे पौंडांच्या वरचा सूट, दोन नग घ्यायचे हे घरूनच ठरवून आलेले.

"अहो, एकदाच घ्यायचं तर चांगलंच घेऊ की," साहेब म्हणाले. ते कोल्हापूरकडचे, विहिरीत पोहायला शिकलेले. बाई पुण्याच्या, लहानपणापासून टिळक तलावावर स्पर्धेसाठी पोहणाऱ्या.

सूट बाजूला ठेवून दोघांना आधी साध्या पोहण्याच्या कपड्यांत टाकीत उतरवलं. साहेब श्वास घेताना डोकं उचलत होते, की कंबर खाली जायची आणि टाचा हातभर खोल. बाईंचं डोकं, कंबर, टाच एका रेषेत. माझ्या दृष्टीने निवड इथेच अर्धी झाली होती. पण सांगून पटत नाही, घालून दाखवावं लागतं.

सुटाचं रबर म्हणजे निओप्रीन, त्यात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. जाडी जास्त तिथे वायू जास्त, म्हणून उचलणंही जास्त. नियमाने कुठेही ५ मिलिमीटरच्या वर जाता येत नाही, तेव्हा कंपन्यांचं सगळं कसब हे ५ मिलिमीटर अंगावर कुठे वाटायचे यातच. ज्यांचे पाय बुडतात त्यांच्यासाठी मांड्या आणि कंबर ५ आणि छाती ३. ज्यांचे आपोआप तरंगतात त्यांच्यासाठी वरखाली जवळपास सारखंच. खांदे-दंड मात्र बहुतेक चांगल्या सुटांत १.५ ते २, नाहीतर प्रत्येक हात रबराशी झगडत पुढे न्यावा लागतो. महाग सुटात पैसे जातात ते मऊ, ताणणाऱ्या कापडाला. जपानच्या यामामोटोचं ४० नंबरचं निओप्रीन ३९ पेक्षा जास्त ताणतं, म्हणून ते खांद्याला वापरतात. मोठा आकडा म्हणजे सरसकट चांगला माल, असं मात्र नाही. दुकानातला तो महाग सूट मुळात तरबेज पोहणाऱ्यांसाठी कापलेला, पायांतही पातळ.

साहेबांनी आधी तोच घातला. नखाने निओप्रीनला चीर पडते. त्यांची नखं कापलेली होती, तरी मी सुती हातमोजे दिले. पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवली की घोटा सरकन निघतो. झिप लावून जेमतेम दोन मिनिटं झाली असतील, त्यांचे दोन्ही हात कॉलरकडे गेले. "श्वास कोंडतोय हो, एक माप मोठा द्या."

ही तक्रार रोजची, आणि दहात नऊ वेळा गळ्याचं दुखणं जांघेत असतं. सूट खालून पुरता वर आलेला नसला की धडाचं कापड कमी पडतं, ते खांद्यांना खाली ओढतं आणि खांदे कॉलरला. त्यांच्या जांघेत चार बोटं मोकळी जागा होती. झिप उघडली, खांदे उतरवले आणि पोटरीपासून पुन्हा सुरुवात केली. बोटांच्या पेरांनी, नख न लावता, कापडाची छोटी घडी धरायची आणि ती वर सरकवत न्यायची. पोटरी, गुडघा, मांडी, मग जांघ अगदी अंगाला. त्यानंतर कंबर आणि पोट. हाताचंही तसंच, मनगटापासून घडी ढकलत काखेपर्यंत, काखेत पोकळी राहता कामा नये. झिप लावताना पाठीमागे खांद्यांची दोन्ही पाती जवळ आणायची, दुसऱ्याने खालून कापड धरायचं. हे बाईंनी केलं. वीस मिनिटं गेली, पण माप तेच राहिलं आणि हात कॉलरवरून खाली आले.

मोठं माप दिलं असतं तर दुकानात बरं वाटलं असतं. पाण्यात मात्र कमरेच्या खोलगट भागात पाणी साठतं आणि त्याची पखाल ओढत पोहावं लागतं. म्हणून मी पाठीमागे चिमूट घेऊन बघतो. चिमटीत जेमतेम कापड यावं, मूठभर आलं तर सूट मोठा. पोहून बाहेर आल्यावर घोट्यातून धार लागली तरी तेच.

टाकीत त्यांचे पाय थोडे वर आले, पण टाचा अजून खालीच. मग निम्म्या किमतीचा, मांड्यांत ५ मिलिमीटरचा सूट चढवला. प्रवाहाचा वेग तोच ठेवला. आता टाचा पाण्याच्या पातळीला लागल्या आणि मिनिटाचे हात मोजले तर चार कमी भरले. पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी लावली, ते गप्प बघत राहिले.

बाईंना मुद्दाम तोच जाड पायांचा सूट दिला. कंबर इतकी वर उचलली गेली की किक हवेत, नुसता फेस. पाठीच्या खालच्या भागात ताण येतोय, असं त्या स्वतःच म्हणाल्या. महाग, पातळ सुटात त्यांचा हात मोकळा फिरला आणि किकला पाणी मिळालं. "म्हणजे महागाचा हिला आणि स्वस्तातला मला?" साहेब म्हणाले. आमच्या गल्ल्याला हे परवडत नाही, पण चुकीचा सूट पंधरवड्यात परत येतो आणि तोवर त्याला नखं लागलेली असतात.

टाकीचं पाणी कोमट असतं, त्यामुळे सुटात दहा मिनिटांवर कुणाला ठेवत नाही. थंडीची परीक्षा तळ्यात, स्पर्धेआधी, कुणाच्या तरी देखरेखीखाली. उतरल्यावर कॉलर ओढून थोडं पाणी आत घ्यायचं, सूट अंगाला नीट चिकटतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत श्वास धापेसारखा चालतो, तो बसेपर्यंत तोंड पाण्यात घालायचं नाही. घाबरायला झालं तर उताणं व्हायचं, सूट बुडू देत नाही. मानेला पेट्रोलियम जेली नको, ती रबराला आणि चिकटवणीला मानवत नाही. त्यासाठीचं वेगळं वंगण मिळतं, तेच पोटऱ्यांना आणि मनगटांनाही लावावं, सूट लवकर निघतो. टेन्बीत किनाऱ्यापासून सायकलींपर्यंत साधारण किलोमीटरभर धावायचं असतं. सूट आतून ओला असतानाच, वाळूवरून निघताना कमरेपर्यंत उतरवलेला बरा.

बाईंनी विचारलं, हाच सूट गोव्याच्या ७०.३ ला, म्हणजे आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराच्या शर्यतीला, चालेल का. नाही. आयर्नमॅनमध्ये पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं की वेटसूट घालून बक्षिसाचा हक्क राहत नाही, २८.८ च्या वर तर घालताच येत नाही. गोव्यात मिरामारचं पाणी उबदार, तिथे पातळ कापडाचा स्विमस्किन.

सूट उतरवताना बाईंच्या मांडीवर चंद्रकोरीसारखी नखाची खूण उमटली, आरपार गेली नव्हती. निओप्रीन चिकटवायचा काळा गोंद दोन्ही कडांना पातळ लावला, थोडा वाळू दिला, पुन्हा एक थर देऊन कडा दाबून धरल्या. रात्रभर हात लावायचा नव्हता, म्हणून त्यांचा सूट दुकानातच ठेवून घेतला. साहेब आपला घेऊन गेले.