शेवटची दहा पानं

कपाट आवरताना पुस्तक उघडायचं नसतं. उघडलं की आवरणं तिथंच थांबतं. त्या दुपारी हाती आलेलं मिल्स अँड बून, म्हणजे त्या कंपनीची इंग्रजी प्रेमकथा, मी नुसतं चाळत होते, तर सतराव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं काढलेलं इवलंसं फूल दिसलं. शेजारी एक फुली. फुलीखाली दोन टिंबं, ती तिसऱ्याच कुणाची.

वाचनालयातून फिरून आलेल्या अशा पुस्तकांवर या खुणा असायच्याच. ‘हे माझं वाचून झालंय’ एवढाच त्यांचा अर्थ. मुखपृष्ठावरून ते कळणं अवघडच. तोच उंच, करड्या डोळ्यांचा माणूस, तेच तिचे वाऱ्यावर उडणारे केस. मागचा मजकूर वाचला तर गोंधळ आणखी वाढतो. तो ग्रीक जहाजमालक की स्पॅनिश सरदार, आणि ती नर्स की सेक्रेटरी, एवढ्यावर किती आठवणार? जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी १९०८ साली लंडनमध्ये ही कंपनी काढली तेव्हा ते सगळंच छापत, अगदी साहसकथा लिहिणारा जॅक लंडनसुद्धा. निव्वळ प्रेमकथांचा रतीब सुरू झाला तो १९३०च्या दशकात. ब्रिटनमधल्या वर्गणीच्या वाचनालयांतून तपकिरी बांधणीची ही पुस्तकं हातोहात जात.

माझ्या मावशीला मात्र खुणेची गरज नव्हती. ती शेवट आधी वाचायची. उभ्या उभ्या शेवटची दहा पानं संपवायची, समाधानानं मान हलवायची आणि मग पाय पसरून पहिल्या पानापासून सुरुवात. दुपारी आजी आडवी झाली की तिला ती गोष्ट मराठीत सांगायची, आणि मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायची. आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण तिच्या शंका मोठ्या चोख असत.

“त्याला आई नाही का गं?”

“नाही गं आई. लहानपणीच गेली.”

“याचीही गेली? परवाच्याचीही गेली होती.”

मग कथेत ती दुसरी बाई यायची. उंच टाचा, लालभडक ओठ आणि पोटात विष. आजीनं तिचं नाव नटवी ठेवलं होतं. प्रत्येक पुस्तकात नटवी कधी येते याची ती वाट बघायची. नटवी नायिकेच्या कानाशी लागायची, तिचा गैरसमज व्हायचा, आणि पुढची शंभर पानं दोघं एकमेकांशी तुटक बोलायची. इथं आजी उठूनच बसायची. “अगं, मग सरळ विचारत का नाही त्याला? एक वाक्य तर आहे!”

एक वाक्य आहे, हे खरंच. ते विचारलं तर पुस्तक साठाव्या पानावर संपेल, हे मावशीनं आजीला कधी सांगितलं नाही.

या पुस्तकांबद्दल माझं मत विचाराल तर जुने नायक मला बिलकूल सहन होत नाहीत. जबडा आवळणारे, मनगट धरून ओढणारे, ‘नाही’ ऐकूच न येणारे. त्याला प्रेम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भाषाही ठोकळेबाज. एवढं असूनही पुस्तक हाती आलं की मी संपवल्याशिवाय ठेवत नाही, आणि त्याचं कारण ती शेवटची दहा पानं. लोकांना वाटतं, बायका यात श्रीमंत नवरा शोधतात, जहाजं नि वाडे शोधतात. मला नाही तसं वाटत. शेवटच्या दहा पानांत तो माणूस बोलतो! पुस्तकभर घुम्यासारखा वावरलेला माणूस समोर बसून सगळा हिशेब देतो. त्या दिवशी जिन्यात मी तोंड फिरवून का गेलो. पार्टीत तू निळा झगा घातला होतास तेव्हा मी खिडकीपाशी का उभा राहिलो. तिसऱ्या प्रकरणातला झगा त्याला आठवतो. मावशीचे यजमान, आमचे काका, दिवसाकाठी दहा शब्द बोलत, त्यातले चार वर्तमानपत्र कुठाय हे विचारण्यात जात. मावशी शेवट आधी का वाचायची, ते मला फार उशिरा कळलं.

तर, या पुस्तकांची लायकी रस्त्यावर टाकण्याची, असं म्हणणारे भेटतात. इंग्लंडात ती खरोखर रस्त्यात गेली आहेत. २००३ साली सुरू झालेल्या एम ६ टोल या महामार्गाच्या डांबरात मिल्स अँड बूनच्या सुमारे २५ लाख प्रतींचा लगदा मिसळला होता. त्यानं डांबर धरून राहतं म्हणे. हे वाचून मी खूप हसले होते.

मग वाचता वाचता आयडा कुक भेटली. मेरी बर्चेल या नावानं ती मिल्स अँड बूनसाठी लिहायची. १९३६ साली पहिली कादंबरी आली आणि हाती पैसा येऊ लागला. ती आणि तिची बहीण लुईझ, दोघी अविवाहित, दोघी ऑपेराच्या वेड्या. त्या वेडापायीच जर्मनी-ऑस्ट्रियात ओळखी झाल्या आणि तिथल्या ज्यूंचं काय चाललंय ते कळलं. मग शनिवार-रविवार गाठून दोघी लंडनहून जर्मनीला जायच्या आणि येताना तिथल्या कुणाकुणाचे दागिने अंगावर घालून यायच्या, कारण त्या माणसांना स्वतःचं काही बाहेर नेता येत नव्हतं. फरकोटांना लंडनच्या दुकानांची लेबलं शिवलेली. खऱ्या हिऱ्यांचा ब्रोच साध्या स्वेटरवर, खोटा वाटावा म्हणून. सीमेवर कुणी हटकलंच तर सांगायला गोष्ट तयार होती: आम्ही दोघी भित्र्या प्रौढ कुमारिका, दागिने घरी ठेवायचा भरवसा वाटत नाही. तिकडे कादंबऱ्यांचे पैसे, या माणसांना ब्रिटनमध्ये येता यावं म्हणून लागणाऱ्या हमीपत्रांच्या आणि त्यांच्या राहण्याच्या सोयीसाठी जात होते. दोघींनी २९ जणांना बाहेर काढलं, आणि पुढे ज्यूंच्या नरसंहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेनं त्यांचा गौरव केला.

आयडानं लिहिणं काही सोडलं नाही. शंभराहून अधिक कादंबऱ्या, कित्येकींत गाणाऱ्या मुली आणि तापट संगीतकार. नायक मात्र तिचेही तसलेच, शेवटचं प्रकरण येईपर्यंत तोंड न उघडणारे.