अतातुर्कच्या गावात मोडीची आठवण

आमच्या घरी पत्र्याची एक ट्रंक आहे. तीत पणजोबांचे कागद आहेत, सगळे मोडीत. आजोबा ते घडाघडा वाचायचे, त्यांच्या शाळेत मोडी होती. वडिलांची शाळा सुरू होईतो ती गेली होती. त्यामुळे वडील दर दिवाळीला ट्रंक उघडायचे, कागदांना डांबराच्या गोळ्या घालायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. ही ट्रंक मला अंकारात आठवेल असं काही वाटलं नव्हतं.

तुर्कस्तानला जाणारा मराठी माणूस इस्तंबूल आणि कापादोकियाचे फुगे करून परत येतो. अंकारा वाटेत लागलं तरी कुणी उतरत नाही. टूरवाल्याने मलाही विचारलं, "तिथे काय बघणार?" मला अनितकबीर बघायचं होतं, म्हणजे मुस्तफा केमाल पाशा अतातुर्क यांची समाधी. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात केमाल पाशांवर जेमतेम अर्धं पान होतं, त्यात फेजची लाल टोपी त्यांनी बंद केली एवढंच लक्षात राहिलेलं.

मेट्रोतून उतरून, बॅग तपासून वर गेलं की २६२ मीटर लांबीचा सिंहपथ लागतो. दोन्ही बाजूंना हित्ती धाटणीचे चोवीस दगडी सिंह, जोडीजोडीने बसलेले. फरश्यांमध्ये पाच-पाच सेंटीमीटरच्या फटी सोडून त्यात गवत वाढवलंय. पाय अडकेल म्हणून खाली बघत सावकाश चालावं लागतं. ते मुद्दामच केलंय म्हणतात: समाधीकडे जाताना मान खाली असावी. मेलेल्या सेनापतीने आपल्याला कवायत करायला लावली म्हणायची!

पुढे भलंमोठं पटांगण. समाधीच्या पायऱ्यांच्या मधोमध एक दगडी व्यासपीठ आहे, त्यावर एक ओळ कोरलेली. अक्षरं रोमन, त्यामुळे एकेक जुळवत वाचली: 'हाकिमियेत कायित्सिज शार्त्सिज मिल्लेतिन्दिर.' आणि थबकलो. हाकिमियेत म्हणजे आपला हाकीम. शार्त म्हणजे शर्त. कायित म्हणजे कैद. 'सिज' म्हणजे 'शिवाय' एवढं फोनने सांगितलं, आणि वाक्य उलगडलं: सत्ता कुठल्याही अटीशर्तीविना राष्ट्राची. तुर्की न शिकलेल्या मराठी माणसाला निम्मं वाक्य पेशवाईतल्या कागदासारखं ओळखीचं वाटावं! मग दिवसभर तोच नाद लागला. हॉटेलात बिलाला 'हेसाप', म्हणजे हिशेब. वहीला 'देफ्तेर', लेखणीला 'कालेम'.

आत चाळीस टनांचा एकसंध दगड आहे. पार्थिव त्याच्या खाली, तळघरात मातीत पुरलेलं आहे. पोरं सेल्फी घेत होती, एक म्हातारी डोळे पुसत होती. दर १० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी भोंगे वाजतात आणि रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा जागच्या जागी थांबतात. १९३८ साली त्याच वेळी, इस्तंबूलच्या दोल्माबाहचे राजवाड्यात पाशा गेले.

खालचं संग्रहालय लढायांचं आहे. १९१५ चं, पहिल्या महायुद्धातलं गॅलिपोली, तिथे छातीवर आलेला तोफगोळ्याचा तुकडा खिशातल्या घड्याळाने अडवला ती गोष्ट. १९२१ मध्ये ग्रीकांशी बावीस दिवस चाललेली साकार्याची लढाई. १९२२ चा शेवटचा हल्ला. तोफांचे आवाज, धूर, पुतळे, सगळं आहे. मी तिथे फार रेंगाळलो नाही. मला जास्त आवडली उलुस भागातली जुनी संसद. २३ एप्रिल १९२० ला इथे पहिली सभा भरली तेव्हा सरकारकडे बाकंही नव्हती, जवळच्या शाळेतून आणली. त्या लहानशा बाकांवर मिशाळ खासदार आणि पागोटेवाले मौलवी दाटीवाटीने बसून युद्ध चालवत होते. हरणाऱ्या सैन्याचा सेनापती प्रत्येक गोष्ट या सभेकडून मंजूर करून घेत होता, हे मला गॅलिपोलीपेक्षा मोठं वाटतं.

तिथून जवळच इश बँकेची जुनी इमारत आहे. हिच्याशी आपला संबंध आहे. खलिफाची, म्हणजे मुसलमानांच्या धर्मप्रमुखाची, तुर्कस्तानातली गादी वाचावी म्हणून हिंदुस्थानातल्या खिलाफत चळवळीने पैसे जमवून अंकाराला पाठवले. मुंबईचे मियाँ मोहम्मद छोटानी शेठ त्या चळवळीच्या समितीचे अध्यक्ष होते. भायखळ्याला खिलाफत हाऊस अजून उभं आहे. पाशांनी ३ मार्च १९२४ ला खिलाफतच बरखास्त केली, आणि शिल्लक पैशांतून त्याच ऑगस्टमध्ये ही बँक काढली. देणगीदारांचे चेहरे बघण्यासारखे झाले असतील.

पण या माणसाचा खरा झपाटा लिपीत दिसतो. ९ ऑगस्ट १९२८ च्या रात्री इस्तंबूलच्या एका बागेत त्यांनी जाहीर केलं की अरबी अक्षरं जाणार, रोमन येणार. सल्लागार काही वर्षांची मुदत मागत होते. पाशा म्हणाले, तीन महिन्यांत होईल नाहीतर कधीच होणार नाही. १ नोव्हेंबरला कायदा, १ डिसेंबरला वर्तमानपत्रं नव्या लिपीत, १ जानेवारीपासून पुस्तकं. राष्ट्राध्यक्ष स्वतः खडू घेऊन गावोगाव फळ्यापुढे उभे. कायसेरीतला तो फोटो तुर्कस्तानात जागोजागी दिसतो. त्या वेळी दहातल्या जेमतेम एकाला वाचता येत होतं, तेव्हा तोटा फार जणांचा झाला नाही असं म्हणता येईल. मात्र नव्या वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स नव्हते. ही अक्षरं कुर्दी भाषेला लागतात, आणि कित्येक दशकं कुर्दी माणसाला ती सरकारी कागदावर आपल्या नावात घालता येत नव्हती. विरोधी पक्षांचंही तसंच. १९२५ ला एक बंद पडला, त्याचे संस्थापक म्हणजे पाशांचेच जुने सोबती सेनानी. १९३० ला त्यांच्याच सांगण्यावरून दुसरा निघाला, तो तीन महिन्यांत गुंडाळला.

अंकारातल्या कझिलाय भागातल्या एका पुस्तकाच्या दुकानात मी 'नुतुक' मागितलं. हे पाशांचं भाषण, ऑक्टोबर १९२७ मध्ये सहा दिवस, छत्तीस तास चाललेलं. दुकानदाराने विचारलं, "मूळ की सोपं?" मला वाटलं मुलांची आवृत्ती असेल. तसं नव्हतं. भाषण छापून वर्षभरात लिपी गेली, आणि १९३२ पासून भाषा संस्थेने अरबी-फारसी शब्द असे उपसून काढले की आजच्या तुर्की माणसाला पाशांचं बोलणं कळायला भाषांतर लागतं. व्यासपीठावरचा तो 'हाकिमियेत'सुद्धा आता संसदेच्या सभागृहात 'एगेमेन्लिक' झालाय. आपल्याकडे फारसी शब्दांना पर्याय देणारा राजव्यवहारकोश झाला, सावरकरांनी 'दिनांक' दिला. पण आपण तारीखही ठेवली आणि दिनांकही. हा आपला समंजसपणा की आळस, मला ठरवता येत नाही.

निघायच्या दिवशी उलुसच्या चढावर एका जुन्या पुस्तकवाल्याकडे जुन्या लिपीतलं एक पोस्टकार्ड घेतलं. काय लिहिलंय, विचारलं. त्याने उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसला. "हिंदिस्तानवाले भाऊ, माझ्या आजोबांना वाचता यायचं." मग आम्ही व्हॉट्सॲप नंबर घेतले-दिले.

घरी आल्यावर कार्ड आमच्या गल्लीतल्या उर्दू शाळेच्या निवृत्त सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि बराच वेळ खाली मान घालून बसले. "अक्षर घाईचं आहे. भाषा तर मला येतच नाही. पहिले दोन शब्द लागतात बघ: मकतूबकज कलदी." मी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून अंकाराला पाठवला. दहा मिनिटांत पुस्तकवाल्याचा उलट आवाज आला, आधी खो-खो हसला, मग सावकाश उच्चार सुधारून म्हणाला, "मेक्तुबुनुज गेल्दी."

तुमचं पत्र पोचलं.